दंत महाविद्यालयातील तंबाखूमुक्ती केंद्र : पाच महिन्यांच्या अनुभवानंतरचे परीक्षण

पश्चिम महाराष्ट्रातील एका दंत महाविद्यालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात गेले पाच महिने मी घरातल्या दोन माणसांना घेऊन जाते आहे. एक माझा थोरला भाऊ, एसटीच्या आगारात यांत्रिकी कामगार असलेला आणि सत्तावीस वर्षे तंबाखू-चुना खाणारा. दुसरी माझी आत्या, वय अडुसष्ट, लग्न होऊन सासरी गेली तेव्हापासून मशेरी लावणारी. मी स्वतः माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. ज्या उणिवा मला तिथे दिसल्या त्या त्या एका संस्थेच्या माथी मारण्यासारख्या नाहीत, आणि ज्यांनी आमच्यासाठी कष्ट घेतले त्या विद्यार्थिनीला माझ्या लिहिण्याचा त्रास व्हावा असेही मला वाटत नाही. मात्र अशी केंद्रे राज्यातल्या अनेक दंत महाविद्यालयांत आहेत, ती कशासाठी आहेत आणि तिथे नेमके काय होते हे फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी की या केंद्रापर्यंत आम्ही तंबाखू सोडण्यासाठी गेलोच नव्हतो. दादाची दाढ दुखत होती. केसपेपर काढून दाढ दाखवल्यावर तपासणाऱ्या डॉक्टरांनी आरसा त्याच्या हातात दिला, खालचा ओठ डावीकडे ओढून धरला आणि एवढेच विचारले, "काका, बार इथेच ठेवता ना?" ज्या जागी तो रोज तंबाखू धरून ठेवत असे, तिथली कातडी पांढुरकी पडून तिला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, ओले कापड बराच वेळ मुठीत दाबून ठेवावे तशी ती दिसत होती. दादाने सत्तावीस वर्षांत ती जागा एकदाही पाहिली नव्हती. डॉक्टरांनी भाषण दिले नाही, भीती घातली नाही. हा बदल तंबाखूच्या सततच्या स्पर्शामुळे होतो, तंबाखू थांबवली तर बहुतेकदा काही आठवड्यांत कातडी पूर्ववत होऊ लागते, आणि थांबवूनही चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासावा लागेल, असे तीन वाक्यांत सांगून त्यांनी केसपेपरवर वरच्या मजल्यावरच्या सामाजिक दंतशास्त्र विभागाचे नाव लिहून दिले. तंबाखूमुक्ती केंद्र त्या विभागात आहे. माझ्या मते या सेवेतला सर्वांत मोलाचा क्षण हाच होता, कारण माणूस ज्या दुखण्यासाठी आला त्या दुखण्याच्या शेजारीच त्याला त्याची तंबाखू दाखवली गेली. दंत महाविद्यालयांत अशी केंद्रे उभारण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढल्या. तोंड उघडून बसलेल्या माणसापुढे हा विषय काढण्याचा अधिकार आणि निमित्त दंतवैद्याइतके दुसऱ्या कुणाकडे नसते, हे मला त्या खुर्चीशेजारी उभी असताना पटले.

वरच्या मजल्यावर आम्हाला पदव्युत्तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी भेटली. तंबाखू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या समुपदेशनावर तिचा विद्यापीठासाठीचा प्रबंध सुरू होता आणि दादा त्यात सहभागी होईल का, असे तिने विचारले. संमतिपत्र मराठीत होते, पण ते मराठी वाचून दादा माझ्या तोंडाकडे पाहू लागला. "सदर अभ्यासातून कोणत्याही टप्प्यावर विनापूर्वसूचना माघार घेण्याचा अधिकार सहभागी व्यक्तीस राहील" हे वाक्य मीच त्याला उलगडून सांगितले. ज्यांच्या सहीवर संशोधन उभे राहते त्यांना समजेल अशी भाषा संशोधकांनी वापरायला हवी. विद्यार्थिनीला हे बोलून दाखवले तेव्हा तिने कागद बाजूला ठेवला आणि तोंडी, साध्या शब्दांत सगळे पुन्हा सांगितले: नाही म्हटले तरी उपचार तोच मिळेल, मधेच सोडले तरी चालेल, नाव कुठे छापले जाणार नाही. मग दादाने सही केली.

यानंतरचे प्रश्न मात्र नेमके होते. सकाळी उठल्यावर पहिला बार किती वेळाने भरता? तो गिळता की थुंकता? आजारी असलात तरी खाता का? दिवसातून किती वेळा, आणि एक पुडी किती दिवस पुरते? दादाचे पहिले उत्तर "दहा मिनिटांच्या आत" असे होते. त्यापुढचे उत्तर त्याने खाली मान घालून दिले, की तंबाखू मळल्याशिवाय त्याचे पोटच साफ होत नाही. विद्यार्थिनीने ते शांतपणे लिहून घेतले आणि सांगितले की हे फार जण सांगतात. निकोटीन बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतो, तो तलफेचाच भाग असतो, सकाळी कोमट पाणी आणि जेवणात भाजी-कोशिंबीर वाढवा, दोन-तीन आठवड्यांत शरीर सरावते. वर्षानुवर्षे ज्या कारणासाठी दादाने तंबाखू सोडण्याचा विचार टाळला होता, त्या कारणाबद्दल त्याला पहिल्यांदाच कुणीतरी न हसता उत्तर दिले.

आत्याला मी पुढच्या भेटीत नेले, आणि तिच्या वेळी या सेवेतली एक मोठी त्रुटी उघडी पडली. "आजी, तंबाखू खाता का?" या प्रश्नाला आत्या ठामपणे "नाही" म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुष हातावर मळतात ती. मशेरी ही दात घासण्याची वस्तू. तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठतो म्हणून खिडकी उघडायची, मग भुकटी करून डबीत भरायची आणि बोटाने दातांना लावून बसायचे, हे ती चाळीस-पंचेचाळीस वर्षे करते आहे आणि त्याला तिने कधी व्यसन म्हटले नाही. मी मधे पडले नसते तर तिच्या कागदावर "सवय नाही" अशी नोंद होऊन ती घरी परतली असती. पुढच्या प्रश्नांतही तीच अडचण आली. निकोटीनवरचे अवलंबित्व मोजण्याच्या या प्रश्नावलीचा मूळ साचा सिगारेट ओढणाऱ्यांसाठी तयार झाला. नंतर त्यात बदल करून ती तंबाखू चघळणाऱ्यांसाठी वापरली जाऊ लागली. "आठवड्याला किती पुड्या?" या प्रश्नाला मशेरीवाल्या बाईकडे उत्तर नसते, कारण ती पुडी विकत आणत नाही, पाने आणते. "किती वेळा खाता?" यालाही नसते, कारण ती खातच नाही. विद्यार्थिनीने शेवटी रकाना सोडून दिला आणि सरळ विचारले की डबी किती दिवसांत रिकामी होते आणि एकदा लावली की किती वेळ बसता. उत्तर मिळाले: डबी नऊ-दहा दिवस, बसणे अर्धा तास, दिवसातून चारदा, आणि दुपारी भांडी झाल्यावरची खेप सर्वांत गरजेची. हे तिने समासात लिहिले. समासातली ही नोंद प्रबंधाच्या तक्त्यात कुठे बसणार, हा प्रश्न मी तिला विचारला आणि तिच्या चेहऱ्यावरून तो तिलाही पडला होता असे दिसले.

हा बारकावा म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील फेरीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते, पण धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. स्त्रियांमध्ये धूम्रपान १.४ टक्के आणि बिनधुराची तंबाखू १६.६ टक्के. म्हणजे आपल्या राज्यातल्या स्त्रियांचा तंबाखूचा प्रश्न जवळजवळ संपूर्णपणे तोंडात लावण्याच्या आणि धरण्याच्या तंबाखूचा आहे. तरीही केंद्राच्या भिंतीवरची सहापैकी चार चित्रे सिगारेटची होती आणि मशेरीचे एकही नव्हते. या सवयीवर आपल्याकडे संशोधन झालेले नाही असेही नाही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते, आणि त्या स्त्रियांमध्ये मशेरी लावणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. राज्यातल्या केंद्राने प्रश्न विचारताना "मशेरी लावता का?" हे शब्द स्वतंत्रपणे उच्चारले पाहिजेत, त्यासाठी निधी लागत नाही, एक ओळ वाढवावी लागते.

आता उपचारांविषयी. दादाला सोडण्याची तारीख त्याची त्यालाच ठरवायला सांगितली. त्याने पगाराचा दिवस टाळला, कारण त्या दिवशी आगारात चहा-तंबाखूची बैठक बसते, आणि पुढचा गुरुवार निवडला. निकोटीनच्या दोन मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या पहिल्या आठवड्यापुरत्या केंद्राने दिल्या. इथे विद्यार्थिनीने जे दहा मिनिटे खर्चून शिकवले ते औषधाच्या दुकानात कुणीही सांगत नाही. ही गोळी च्युइंगगमसारखी सारखी चावायची नसते. तिखटसर चव लागेपर्यंत सावकाश चावायची, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची. चव ओसरली की पुन्हा थोडे चावून जागा बदलायची. असे अर्धा तास. भरभर चावली तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, जळजळते आणि तलफ भागत नाही. गोळीच्या आधी पाव तास आणि गोळी तोंडात असताना चहा-कॉफी किंवा थंड पेय घ्यायचे नाही, कारण आंबटपणामुळे तोंडाच्या अस्तरातून निकोटीन नीट शोषले जात नाही. दादाने याआधी एकदा स्वतःहून या गोळ्या आणल्या होत्या आणि "काही उपयोग नाही" म्हणून फेकून दिल्या होत्या. तो त्या चहाबरोबर चावत होता, हे आम्हाला पाच वर्षांनी कळले.

निकोटीन सोडवण्यासाठी निकोटीनच द्यायचे हे आत्याला चमत्कारिक वाटले आणि तिने तसे विचारले. तिला मिळालेले उत्तर मला आवडले. तंबाखूची ओढ लावते ते निकोटीन, पण तंबाखूतून कर्करोग होतो तो मुख्यतः तिच्यातल्या नायट्रोसमाइन गटातल्या द्रव्यांमुळे. ती गोळीत नसतात. म्हणून आधी ती द्रव्ये तोडायची, मग गोळी कमी करत साधारण तीन महिन्यांत निकोटीनही सोडायचे. अशा उपचाराने सोडण्याची शक्यता निम्म्याने किंवा त्याहून थोडी अधिक वाढते असे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीतून दिसले आहे, मात्र त्यातले बहुसंख्य अभ्यास धूम्रपान करणाऱ्यांवरचे आहेत, हेही विद्यार्थिनीने लपवले नाही. तिच्या या स्पष्टपणामुळे माझा विश्वास वाढला.

खर्चाबद्दल मात्र तक्रार आहे. पहिल्या आठवड्यानंतरच्या गोळ्या बाहेरून विकत घ्याव्या लागल्या आणि दिवसाला आठ-दहा गोळ्या लागणाऱ्या माणसाला त्या तंबाखूच्या पुडीच्या कितीतरी पट महाग पडतात. निकोटीन उपचाराचा २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत समावेश झालेला आहे. अत्यावश्यक म्हटलेले औषध केंद्राच्या कपाटात आठवड्याहून अधिक नसावे, याचे समाधानकारक कारण मला कुणी सांगितले नाही. आम्हाला परवडले, आमच्या शेजारी बाकावर बसलेल्या हमालीचे काम करणाऱ्या गृहस्थांनी किंमत ऐकून चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि ते पुन्हा दिसले नाहीत.

सोडल्यापासून एकोणिसाव्या दिवशी दादाने तंबाखू खाल्ली. मावसभावाच्या लग्नात, मांडवामागे, जुन्या सोबत्याने मळून पुढे केलेली चिमूट त्याने घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोनदा घेतली. केंद्रात जायला तो तयार नव्हता. "आता काय तोंड दाखवू" असे म्हणत होता. मी जवळजवळ ओढूनच नेले. विद्यार्थिनीने रागावण्याऐवजी वही उघडली आणि विचारले की चिमूट कुणी दिली, त्या वेळी तुम्ही काय करत होता, पोटात भूक होती का, गोळी खिशात होती का. गोळी घरी राहिली होती. मग पुढच्या कार्यक्रमांची यादी करून प्रत्येक ठिकाणी काय करायचे ते त्या दोघांनी ठरवले: खिशात गोळी आणि बडीशेप, तलफ आली की पाणी आणि दहा पावले चालणे, कारण ती लाट चार-पाच मिनिटांत ओसरते, आणि त्या मित्राला आधीच सांगून ठेवणे. घसरण ही नोंद करण्याची आणि तपासण्याची गोष्ट आहे, अपराध नव्हे, ही या केंद्राची भूमिका मला घरच्यांनीही शिकावी अशी वाटली. आम्ही घरचे सत्तावीस वर्षे फक्त बोलत आलो होतो.

इथेच मला संशोधनाची एक बाजू कळली, जी सामान्य माणसाला सहसा कळत नाही. "सोडली" म्हणजे काय, याची अभ्यासात एकच व्याख्या नसते. गेल्या सात दिवसांत तंबाखूला हात लावला नाही, ही एक. ठरवलेल्या तारखेपासून सहा महिने अखंड लावला नाही, ही दुसरी. पहिल्या मोजणीने दादा तिसऱ्या महिन्यात यशस्वी ठरतो, दुसऱ्या मोजणीने लग्नामुळे त्याची गणती पुन्हा सुरू होते. लाळेतले किंवा लघवीतले कोटिनीन तपासून माणूस खरे सांगतो आहे की नाही हे पडताळता येते, पण कोटिनीन हे शरीरात निकोटीनपासूनच बनत असल्यामुळे गोळी घेणाऱ्याच्या तपासणीतही ते दिसते. त्यामुळे गोळी चालू असेपर्यंत त्या चाचणीचा उपयोग नसतो आणि माणसाच्या शब्दावर विसंबावे लागते. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तर मॅडम, मला खरंच सांगावं लागणार." त्यानंतर त्याने एकदाही काही लपवले नाही असे मी खात्रीने म्हणते.

घरी आल्यावर मी या विषयावर जे वाचले त्यामुळे केंद्राची पद्धत कुठून आली हे मला समजले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी कोपनहेगनच्या डॉ. पिंडबोर्ग यांच्यासमवेत एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्या ग्रामस्थांवर मोठा अभ्यास केला आणि तो १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरोघर जाऊन तोंड तपासायचे, तंबाखू सोडण्याविषयी समोरासमोर बोलायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात जायचे, अशी त्यांची रीत होती. तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढलेच, शिवाय एर्नाकुलममध्ये तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचे, म्हणजे कर्करोगापूर्वीच्या बदलांचे, नव्याने उद्भवणे स्त्री-पुरुष दोघांतही कमी झाले. कर्करोग व्हायच्या आधीच त्याची वाट अडवता येते हे खेड्यापाड्यांतून दाखवून देणारे हे काम भारतीय माणसांचे आहे, याचा मला शिक्षिका म्हणून फार अभिमान वाटला. शिक्षकांचा थेट संबंध असलेला अभ्यास बिहारमधला. हार्वर्ड विद्यापीठ आणि नवी मुंबईची हीलिस ही आरोग्य संशोधन संस्था यांनी तिथल्या ७२ सरकारी शाळांत तो केला. ज्या शाळांत शिक्षकांसाठी कार्यक्रम राबवला गेला, तिथे तो संपल्यावर नऊ महिन्यांनी १९ टक्के तंबाखू वापरणारे शिक्षक किमान सहा महिने तंबाखूपासून दूर होते. इतर शाळांत हे प्रमाण ७ टक्के होते. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९ हा आकडा कुणाला लहान वाटेल, पण सत्तावीस वर्षांची सवय जवळून पाहिल्यावर मला तो लहान वाटत नाही.

या दोन्ही अभ्यासांत समान धागा आहे तो पुन्हा पुन्हा जाण्याचा. औषध, चित्रे, पत्रके यांच्याइतकेच, कदाचित त्यांहून अधिक, काम करते ते कुणीतरी ठरल्या दिवशी विचारपूस करणे. आमच्या केंद्राचे सर्वांत मोठे बळ हेच होते आणि त्याची सर्वांत मोठी उणीवही इथेच आहे. पहिल्या आठवड्यात दोन फोन, मग दर आठवड्याला एक, दुसऱ्या महिन्यापासून पंधरवड्याला एक, असे विद्यार्थिनीने न चुकता केले. दादा गुरुवारी संध्याकाळी फोनची वाट पाहत असे. तिसरा महिना पुरा झाल्यावर फोन थांबले. विभागात चौकशी केली तेव्हा समजले की तिच्या प्रबंधासाठी तीन महिन्यांचीच माहिती हवी होती, ती गोळा झाली, आता ती लेखनात आणि परीक्षेच्या तयारीत आहे. तिचा दोष नाही. तिने तर जाता जाता स्वतःचा क्रमांक दिला होता. दोष व्यवस्थेचा आहे. पाठपुरावा केंद्राचा न राहता प्रबंधाचा झाला आहे, आणि प्रबंध संपला की माणसाची नोंदवही बंद होते. तंबाखूकडे परत वळण्याचा धोका तीन महिन्यांनी संपत नसतो. आत्याचे तर नाव प्रबंधात नव्हतेच, कारण ती त्या चौकटीत बसली नाही. तिला एकही फोन आला नाही, तिची प्रत्येक भेट मी आठवण ठेवली म्हणून झाली.

मधल्या या पोकळीत आम्ही तंबाखूच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर फोन केला. ही राष्ट्रीय सेवा दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल छाती रोग संस्थेतून २०१६ मध्ये सुरू झाली, २०१८ पासून तिचा क्रमांक पाकिटांवर छापणे सक्तीचे झाले, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राकडेही या सेवेचे प्रादेशिक केंद्र आहे. आम्हाला मराठीत बोलणारे समुपदेशक मिळाले. त्यांनी दादाची सगळी हकीकत विचारून घेतली आणि पुढच्या फोनच्या तारखा दिल्या, त्या त्यांनी पाळल्याही. ज्यांना दंत महाविद्यालय लांब पडते त्यांनी हा क्रमांक जरूर वापरावा. मात्र फोनवरून तोंड तपासता येत नाही, म्हणून ज्याच्या तोंडात चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड कमी उघडण्याची तक्रार आहे त्याने आधी दंतवैद्याकडेच जावे.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. केंद्राची वेळ सकाळी साडेनऊ ते एक; रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो. लिफ्ट रुग्णांसाठी नव्हती आणि आत्याचे गुडघे दोन जिन्यांना कबूल नव्हते. समुपदेशनाला स्वतंत्र खोली हवी. एकदा दादा बोलत असताना पाच-सहा कनिष्ठ विद्यार्थी शिकण्यासाठी भोवती उभे राहिले आणि त्याने अर्ध्यात बोलणे थांबवले. महाविद्यालयाच्या फाटकासमोर, हाकेच्या अंतरावर, टपरीवर पुड्यांच्या माळा लटकत असतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकण्यास कायद्याने मनाई आहे, हे तिथून रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पाच तारे देण्याची रीत आहे म्हणून सांगते: तपासणी आणि समुपदेशनाला पाच, औषधांच्या उपलब्धतेला दोन, पाठपुराव्याला पहिल्या तीन महिन्यांसाठी पाच आणि नंतर शून्य. एकूण मिळून साडेतीन देईन. तरीही कुणी विचारले तर जा असेच सांगेन आणि आजवर चार घरांना सांगितलेही आहे. जाताना काय वापरता ते डबी-पुडीसकट सोबत न्या, म्हणजे प्रमाण सांगताना गोंधळ होत नाही. घरातल्या स्त्रियांच्या बाबतीत "मशेरी" हा शब्द तुम्हीच आधी उच्चारा. गोळी तोंडात कशी ठेवायची ते तिथेच एकदा करून दाखवायला सांगा. आणि पुढच्या फोनची जबाबदारी विभागातल्या कायम नोकरीवरच्या कुणाची आहे हे पहिल्याच भेटीत विचारून नाव लिहून घ्या.

आत्याने मशेरी सोडलेली नाही. चारवरून एकवर आली आहे. दुपारी भांड्यांनंतरची खेप अजून सुटत नाही, आणि बाकी तीन वेळा ती ब्रश वापरते किंवा बडीशेप चघळते. तिच्यासाठी कुणीही तारीख ठरवून दिली नव्हती, ती आता तिने स्वतः सांगितली आहे: नातीचे बारसे. दादाच्या ओठामागची कातडी गुलाबी झाली आहे, सुरकुत्या जवळजवळ गेल्या आहेत. मागच्या आठवड्यात त्याने मला आरशाजवळ बोलावून ओठ ओढून दाखवला. पाठपुराव्याची नोंदवही विद्यार्थ्यांकडे न ठेवता विभागाकडे ठेवावी आणि प्रश्नावलीत मशेरीचा रकाना घालावा, असा लेखी अर्ज मी विभागप्रमुखांना दिला आहे. त्यांनी तो वाचून पोच दिली आणि नव्या तुकडीपासून विचार करू असे सांगितले. लग्नानंतरच्या नव्या मोजणीने दादाचे सहा महिने अजून सुमारे दोन महिन्यांनी भरतात. त्या दिवशी विभागातून फोन आला नाही, तर आम्ही दोघे सकाळी साडेनऊला जिना चढून जाऊ आणि त्याच्या नावापुढे ती नोंद करून घेऊ.